मूल बोलतं व्हावं म्हणून: बेळगाव सीमाभागातल्या पालकांचे आणि बालवाडीतल्या बाईंचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून मला पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे व्हॉट्सॲपवर येतात, काही शाळा सुटताना फाटकापाशी. उत्तरं लिहिताना अडीच ते सहा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर आहेत. घाईत असाल तर आधी प्रश्न २ आणि १५ वाचा, बाकीचे सवडीनं.

१. "त्याला सगळं समजतं, फक्त बोलत नाही." मग काळजी कशाला करायची?

समजणं आणि बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. "चप्पल आण" म्हटल्यावर चप्पल आणली, ही समज झाली. "माझी चप्पल अज्जीनं आत ठेवली" असं स्वतः शब्द जुळवून सांगितलं, ती अभिव्यक्ती. समज कायम दोन पावलं पुढे असते, त्यात काही वावगं नाही. अंतर फार पडलं तर मात्र लक्ष द्यायला हवं.

आणि "सगळं समजतं" हेही एकदा तपासून घ्या. पुष्कळदा मूल आपले शब्द ऐकत नसतं, आपलं बोट, आपली नजर आणि रोजची वेळ ओळखून काम करत असतं. हात मागे घ्या, त्या दिशेला बघू नका आणि नेहमीपेक्षा वेगळं काहीतरी सांगा: "कॉटखालचा चमचा अज्जीला दे." जमलं तर समज खरी.

एक गैरसमज इथेच दूर करते. पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे. मागणं, नाकारणं, विचारणं, चहाडी करणं, झालेलं सांगणं, न झालेलं रचून सांगणं, हे बोलणं. दहा कविता पाठ असलेलं पण "मला शू आली" न सांगणारं मूल मी पाहिलं आहे.

२. कोणत्या वयात किती बोलायला हवं?

साधारण वर्षाच्या आसपास पहिला अर्थ असलेला शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत पन्नासएक शब्द आणि दोन शब्दांची जोडी: "बाबा गेला", "अजून दूध". तिसऱ्या वर्षी तीन-चार शब्दांची वाक्यं येतात आणि बाहेरच्या माणसाला चारातल्या तीन गोष्टी तरी कळतात. चौथ्या वर्षी घडलेला प्रसंग थोडाफार क्रमानं सांगता येतो, आणि रिक्षावाल्या मामांनाही जवळजवळ सगळं समजतं. पाचव्या वर्षी "कारण", "म्हणून", "नाहीतर" असे शब्द सर्रास येतात.

काही महिने पुढे-मागे होणारच. पण दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षांना शब्दांची जोडी नाही, तीन वर्षांना घरच्यांनाच बोलणं कळत नाही, किंवा कोणत्याही वयात येत असलेले शब्द नाहीसे झाले, यापैकी काही असेल तर वाट बघू नका. थेट प्रश्न १५ वर जा.

३. घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड, टीव्हीवर हिंदी. तीन भाषांच्या गोंधळामुळे बोलणं लांबलं का?

नाही. या पानावर सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून मुलाच्या बोलण्यात दोष निर्माण होत नाही. ज्याला अडचण आहे, त्याला ती एका भाषेतही असती. वाटतं तसं, याचं कारण आपली मोजदाद. मुलाला मराठीत तीस शब्द येतात, कन्नडमध्ये पंचवीस, आणि आई फक्त मराठीतले तीस मोजून घाबरते. सगळ्या भाषांतले शब्द एकत्र धरा. "पाणी" आणि "नीरु" दोन्ही येत असतील तर ते दोन शब्द झाले.

आपल्याकडची मुलं तशीही दोन भाषांच्या उंबरठ्यावरच वाढतात. अज्जी, अक्का, अण्णा, अप्पा हे शब्द कुणाचे, हे सांगायला गेलं तर भांडणच लागेल. कन्नड बोलणारी शेजारीण आणि मराठी बोलणारी आई ओसरीवर बसून शेंगा सोलतात, प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलतं, आणि पोर मधे बसून दोन्ही उचलतं. हे फुकटचं भांडवल आहे.

नुकसान होतं ते भाषा जास्त झाल्यामुळे नव्हे, एकाही भाषेत कुणी पोटभर बोलत नसेल तर.

४. एकाच वाक्यात मराठी-कन्नड मिसळतो: "मला ऊटा ब्याड." टोकू का?

टोकू नका. ज्या भाषेतला शब्द आधी हाताशी आला तो त्यानं वापरला. मोठी माणसं बेळगावच्या बाजारात दुसरं काय करतात? तुम्ही शांतपणे म्हणा, "जेवण नको? बरं, थोड्या वेळानं जेवू." मराठी वाक्य त्याच्या कानावर पडलं, तेवढं पुरे.

चार वर्षांच्या आसपास मुलं माणूस बघून भाषा बदलायला लागतात. तोपर्यंत गमती होतात. मराठी पोर "नाय, नाय" म्हणतं आणि कन्नड मित्र कुत्रा शोधायला लागतो, कारण त्याच्या भाषेत "नायी" म्हणजे कुत्रा. टीचर "बाळ छलो" म्हणाल्या तर मराठी मुलीला वाटतं आपल्याला बाळ म्हणाल्या. त्या म्हणत असतात "फार छान". आपली ताई म्हणजे मोठी बहीण, कन्नडमधली "तायी" म्हणजे आई. या गमती मुलांना मुद्दाम सांगा. शब्दांशी खेळणारं मूल लवकर बोलतं होतं.

व्याकरणातली मिसळही चालायचीच. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, म्हणून कन्नड आईचं मूल "ते भाकरी" म्हणेल. "आपण" आणि "आम्ही" यांतला फरकही त्याला उशिरा कळेल, कारण तिकडे दोन्हींना बहुतेक वेळा एकच शब्द पुरतो. दुरुस्ती कशी करायची ते प्रश्न ७ मध्ये आहे.

५. शाळेनं सांगितलं, "घरी इंग्रजीच बोला." ऐकावं का?

तुम्हाला इंग्रजीत रागावता येतं का? गोष्ट सांगता येते का? भूतकाळातली भांडणं उकरता येतात का? येत असेल तर बोला की. नसेल तर घरात "कम", "सिट", "ईट फास्ट" एवढंच उरतं. मूल त्या चार आज्ञा शिकतं आणि आईची समृद्ध भाषा गमावून बसतं. हा तोट्याचा व्यवहार आहे. घरच्या भाषेत ज्याला गोष्ट सांगता येते, त्याला ती दुसऱ्या भाषेत सांगायला फक्त शब्द लागतात. गोष्ट कशी रचायची ते नव्यानं शिकावं लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा माध्यम असावी असंच म्हटलं आहे. माध्यम निवडणं मात्र पालकांच्या हातात आहे. कर्नाटकाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये स्पष्ट केलं की सरकार प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम सक्तीचं करू शकत नाही. माध्यम कोणतंही घेतलंत तरी कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानुसार पहिलीपासून कन्नड हा विषय शिकावाच लागतो. म्हणून शेजारच्या कन्नड मुलांबरोबर खेळू द्या, ओढाताण कमी होईल. कोणती शाळा चांगली, हे मला विचारू नका. त्यावर मी लिहिलं की अर्धे वाचक नाराज होतात.

६. घरी नेमकं करायचं काय? आम्ही दोघंही कामाला जातो.

तास काढायला नको. अंघोळ, जेवण, कपडे घड्या घालणं यांतली दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिलं काम: परीक्षा घेणं बंद करा. "हे काय? कुठला रंग? गाय कशी ओरडते?" याला एकच उत्तर असतं आणि ते तुम्हाला आधीच ठाऊक असतं, हे मुलालाही कळतं. त्याऐवजी स्वतः काहीतरी सांगा आणि थांबा. खरोखर थांबा. मनातल्या मनात पाच-सात आकडे मोजा. आपण मोठी माणसं दोन सेकंदांत कंटाळतो आणि मुलाचं वाक्य आपणच पुरं करतो. ज्या घरात मोठी बहीण फार हुशार असते, तिथे धाकटा उशिरा बोलतो तो यामुळेच, असा माझा अनुभव आहे. तिला प्रेमानं सांगा, "आता त्याची पाळी."

दुसरं: तो जे बोलला ते थोडं वाढवून परत द्या. शेंगा सोलताना पोर म्हणालं, "शेंग फुटली." तुम्ही म्हणा, "होय की, शेंग फुटली. आत दोनच दाणे निघाले." मग गप्प. तो म्हणेल, "एक मी खाल्ला." "एक तू खाल्लास, मग दुसरा कुणाला?" त्याच्या वाक्याच्या एकच पायरी वर राहा. तो एका शब्दात बोलत असेल तर तुम्ही दोन-तीन शब्दांत. दहा शब्दांचं प्रवचन दिलं तर ते डोक्यावरून जातं.

तिसरं: थोडी अडचण निर्माण करा. वाटीत खीर द्या आणि चमचा विसरा. आवडीचा डबा घट्ट बंद करून हातात द्या. चप्पल हातात घालून "चल जाऊया" म्हणा. बोलण्याची गरजच पडली नाही तर मूल का बोलेल? पण रडेपर्यंत ताणू नका. "दूध बोल, मग देतो" ही अडवणूक झाली. त्यात मूल बोलायचं सोडून हट्टाला पेटतं. नुसतं बोट दाखवलं तरी वस्तू द्या, शब्द तुम्ही म्हणा. पर्याय देणं अजून सोपं: "दूध की ताक?"

चौथं म्हणजे चित्रांचं पुस्तक. वाचून दाखवू नका, एकत्र बघा. तेच पुस्तक दहा वेळा चालेल, दहाव्या वेळी गोष्ट त्यानं सांगायची आणि तुम्ही मुद्दाम चुकायचं. पुस्तक नसेल तर टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर अडकलात तेव्हा मालगाडी बघा. डबे मोजू नका, "यात काय भरलं असेल?" म्हणा. खानापूरकडच्या मुलांना रोप लावणीच्या चिखलाइतका चांगला विषय नाही. वडगाव-शहापूरच्या मुलांकडे माग आहे: धोटा कुठून कुठे पळाला, धागा तुटला तर अप्पा काय करतात, हे चार वर्षांचं पोर रंगवून सांगतं. कारण ते त्यानं रोज बघितलेलं असतं.

७. चुकीचं बोलला तर दुरुस्त कसं करायचं?

"असं नाही, असं म्हण" हे वाक्य विसरा. तो म्हणाला, "मी पाणी पिली." तुम्ही म्हणा, "पाणी प्यायलास? थंड होतं का?" बरोबर रूप कानावर पडलं आणि गप्पाही चालू राहिल्या. पुन्हा म्हणायला लावलं की त्याला कळतं, आपण काय सांगतो यापेक्षा कसं सांगतो हेच यांना महत्त्वाचं. मग तो सांगायचंच थांबवतो.

८. मुलगी "मी आलो, मी जातो" म्हणते. पुण्याची मावशी हसते. सुधारावं का?

काय सुधारायचं? बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या "मी येतो", "मी गेलो" म्हणत आल्या आहेत. मुलीनं आईचं बोलणं अचूक उचललं, म्हणजे तिची भाषा उत्तम चालली आहे. मी इथे "लिहिते" लिहिलं आहे, पण घरी मी "लिहितो"च म्हणतो. पुस्तकातली रूपं ती पहिली-दुसरीत शिकेल. हसणाऱ्या मावशीला मात्र बाजूला घेऊन सांगा, मुलीसमोर नको.

९. मोबाईलवर बडबडगीतं लावली तर शब्द वाढतील ना?

शब्द कानावर पडतील, पण मोबाईल मुलाच्या उत्तराची वाट बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे: दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी तितकं बरं. त्याआधी तर नकोच. बडबडगीत तुम्ही म्हणा आणि ओळीतला शेवटचा शब्द सोडून थांबा, तो मूल भरेल.

व्हिडिओ कॉल वेगळा. इकडे कितीतरी मुलांचे बाबा सैन्यात आहेत, महिनोन्‌महिने लांब. बाबा पलीकडून उत्तर देतात, ते खरं बोलणं आहे. फक्त "बाबांना हाय कर" एवढ्यावर संपवू नका. दिवसभरातली एक वस्तू, मोडलेली गाडी असो की उगवलेला वाल, दाखवायला हातात द्या.

१०. माझ्या अंगणवाडीत पंचवीस मुलं, निम्मी मराठी, निम्मी कन्नड. मी एकटी काय करू?

ताई, पंचवीस जणांशी एकदम कुणालाच बोलता येत नाही. गोलात बसवून एकेकाला विचारलं तर बाकीची चोवीस कंटाळतात. मुलं वाळूत, भातुकलीत, ठोकळ्यांत रमली की रोज चार-पाच जणांजवळ जाऊन बसा. आठवड्यात सगळे होतात. जे स्वतःहून तुमच्याकडे येत नाहीत, त्यांची नावं आधी लिहा.

साहित्याची वाट बघू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बिया, शिंपले, पानं यांवर बालवाडी चालवली, आणि मुलं येत नाहीत म्हणून ती त्यांच्या अंगणात नेली. चिंचोके, काजूच्या बिया, उसाची पाचट आपल्याकडे भरपूर आहे.

जे मला सर्वांत उपयोगी पडलं ते असं: मुलानं चित्र काढलं की "यात काय चाललंय?" विचारायचं आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत खाली लिहायचं, मराठी तर मराठी, कन्नड तर कन्नड. मग सगळ्यांना वाचून दाखवायचं. आपलं बोलणं कागदावर गेलं हे बघून गप्प पोरही दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहतं. दोन्ही भाषांची मुलं जोडीनं खेळायला लावा, भातुकलीत दुभाषे आपोआप तयार होतात. तुम्हाला मुलाची भाषा येत नसेल तर त्यातले वीस शब्द तरी शिका: शू, भूक, दुखतं, आई, घर.

११. घरी तोंड बंद नसतं, शाळेत एक शब्द नाही. हट्टीपणा का?

शाळेची भाषा नवी असेल तर सुरुवातीला काही आठवडे, कधी काही महिने, मुलं नुसती ऐकतात. त्यांना बोलायला भाग पाडू नका, मान हलवणं, चित्र दाखवणं चालवून घ्या. पण शाळेत घरच्या भाषेतही बोलत नाही, मित्रांशीही नाही, आणि महिना-दोन महिने उलटूनही तसंच आहे, तर ती भीती असू शकते. हट्ट नव्हे. तिला समुपदेशक किंवा बालमानसतज्ज्ञाची मदत लागते. "बोललीस तर चॉकलेट" हे सगळ्यांदेखत म्हणणं सर्वांत वाईट.

१२. "काका"ला "ताता" म्हणतो, "र" येत नाही. थेरपी लागेल का?

"क"चा "त" बहुतेकांचा चार वर्षांपर्यंत सुटतो. र, श, ळ आणि जोडाक्षरं उशिरा येतात, पाच-सहा वर्षांपर्यंत थांबायला हरकत नाही. "पाणी"ला "पानी" म्हणतो ही तक्रार आली की मी आधी घरात कोण काय म्हणतं ते ऐकते. पुष्कळदा अज्जीच "पानी" म्हणत असते. तो दोष नव्हे. ध्वनी चुकतात पण वाक्यं भरपूर आहेत, तर वयाप्रमाणे वाट बघा. वाक्यंच नाहीत, तर प्रश्न २.

१३. तीन वर्षांची झाली आणि अचानक अडखळायला लागली. "म-म-मला" करते.

दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान विचार जोरात धावतात आणि जीभ मागे राहते. बहुतेक मुलांचं आपोआप थांबतं. "हळू बोल", "श्वास घे" म्हणू नका. तुम्हीच सावकाश बोला, तिचं वाक्य पुरं होऊ द्या. सहा महिन्यांहून जास्त टिकलं, बोलताना डोळे मिटते, मान झटकते, किंवा बोलणंच टाळते, तर वाचा-तज्ज्ञांना दाखवा. घरात कुणी मोठेपणीही अडखळत असेल तर आधीच दाखवा.

१४. सासूबाई वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगतात. जीभ चिकटली आहे का, असंही विचारतात. आणि म्हणे मुलगे उशिराच बोलतात.

वेखंड, कन्नडमधली बजे, घराघरात आहे. पण त्यानं बोलणं येतं याला आधार नाही, आणि लहान मुलाला पोटात देणं धोक्याचं ठरू शकतं. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून त्यांना दुसरं काम द्या: रोज रात्री एक गोष्ट. त्या ज्या भाषेत सांगतील ती चालेल.

जिभेखालचा पडदा आखूड असेल तर दूध ओढायला किंवा काही उच्चारांना त्रास होतो. त्यामुळे मूल अजिबात बोलत नाही असं सहसा नसतं. मुलगे सरासरीनं थोडे मागे असतात, पण थोडेच. प्रश्न २ मधल्या खुणा मुलग्यांनाही तशाच लागू आहेत. "त्याचे बाबा पण चार वर्षांनी बोलले" हे कारण नव्हे, उलट लवकर दाखवण्याचं निमित्त आहे.

१५. दाखवायचं कुठे? आधी काय तपासतात?

आधी कान. बाकी सगळं नंतर. भांडं आपटलं की वळून बघतो म्हणजे ऐकू येतं, असं नाही. मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही "स", "श", "त" ऐकू येत नसतील. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून महिनोन्‌महिने कमी ऐकू येतं, आणि खानापूरच्या पावसाळ्यात सर्दी कुणाला चुकली आहे? लहान मुलांच्या कानाची तपासणी झोपेतही करता येते, दुखत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, वाढीतला उशीर बघणं हे त्यांचं कामच आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि बोलण्याबद्दल तोंडानं सांगा, कारण पाच मिनिटांत गप्प मूल "शहाणं" वाटतं. पुढे जिल्हा रुग्णालय. वाचा आणि श्रवणासाठी म्हैसूरला केंद्र सरकारची अखिल भारतीय संस्था आहे. प्रवास रात्रभराचा, म्हणून आधी जवळ कान तपासून, कागद घेऊन जा. तपासणीला नंबर लागेपर्यंत प्रश्न ६ मधलं थांबवू नका.

१६. कार्टूनमधली लांबलांब हिंदी वाक्यं बिनचूक म्हणतो, पण पाणी मागायला माझा हात धरून ओढतो. हुशार आहे ना?

असेलही. पण हे दाखवून घ्या, लवकर. पाठ वाक्यं येणं आणि स्वतःची गरज सांगणं यांत फरक आहे (प्रश्न १). नावानं हाक मारल्यावर बघत नाही, आवडलेली वस्तू तुम्हाला दाखवायला आणत नाही, एकच खेळ तासन्‌तास, असं सोबत असेल तर बालरोगतज्ज्ञांना विकासाची पूर्ण तपासणी करायला सांगा. त्या पाठ वाक्यांवर रागावू नका. कधी त्यांतही अर्थ असतो: कार्टूनमधलं जेवणाचं वाक्य त्याला भूक लागल्यावरच येतं का, ते बघा आणि लिहून ठेवा. तज्ज्ञांना त्याचा उपयोग होतो.

१७. तपासणी कन्नडमध्ये झाली. मुलाला मराठीच येतं. "उशीर आहे" असं लिहून दिलं. खरं धरायचं का?

अर्धवट धरा. कानाची तपासणी भाषेवर अवलंबून नसते, ती पूर्ण खरी. पण बोलण्यात दोष आहे असं म्हणायचं तर तो मुलाच्या घरच्या भाषेत दिसायला हवा. नुसत्या नव्या भाषेत कमी पडणं म्हणजे ती भाषा अजून आली नाही, एवढंच. उलटही होतं: "त्याला कन्नड येत नाही म्हणून गप्प आहे" असं म्हणून खरी अडचण दोन वर्षं लपून राहते.

म्हणून जाताना तयारी करून जा. घरी खेळताना, जेवताना मुलाचं बोलणं मोबाईलवर दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटं रेकॉर्ड करा, त्याला न सांगता. तो स्वतःहून म्हणतो ते शब्द वहीत लिहा, ज्या भाषेतले असतील त्या भाषेत, आणि समोर त्याचा अर्थ कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत कुणाकडून तरी लिहून घ्या. दोन्ही भाषा येणारं घरचं माणूस सोबत न्या, पण त्यांना बजावून ठेवा: मूल जे बोलेल तेच सांगायचं, सुधारून नाही.